दाढ वाचली, आभार!

खालची उजवी दाढ चावताना ठणकायची, जिभेने ढकलली तरी हलायची. कीड नव्हती. आता ती काढावीच लागणार, असं मी धरून चाललो होतो.

ज्या डॉक्टरांनी काढायची घाई केली नाही, त्यांचे मनापासून आभार. त्यांनी दाढेवर बोट ठेवून मला दात आपटायला लावले, एक्स-रे पाहिला आणि समजावलं: दात नि हाड यांच्यामध्ये जेमतेम 0.2 मिलिमीटरचा तंतूंचा थर असतो. बाकीचे दात जुळण्याआधी हीच दाढ टेकते, म्हणून सगळा मार त्या थरावर बसतो. मग रंगीत कागद चावायला दिला. जिथे गडद ठिपका उमटला, तेवढंच किंचित घासलं. पुन्हा कागद, पुन्हा घासणं. घासलेलं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, परत येत नाही, म्हणून एवढा धीर!

दरवेळी दात कोरडे करणाऱ्या सहायक ताई, ओल्या दातावर खूण नीट उमटत नाही हे तुमच्यामुळे कळलं. मी झोपेत दात खातो. त्यासाठी नाइट गार्ड (झोपताना दातांवर बसवायचं कवच) घडवणारे लॅबमधले तंत्रज्ञ तर मला दिसलेही नाहीत. तुम्हा सर्वांचे आभार.

काही आठवड्यांत दाढ घट्ट झाली. काल उजव्या बाजूने निर्धास्त चावलो.