झाडे नकोत, मारवेल गवताचे ठोंब द्या : गावच्या माळासाठी आवाहन

ग्रामस्थ आणि निसर्गप्रेमी मंडळींना सप्रेम नमस्कार.

पाऊस तोंडावर आला की माळावर लावायला रोपे घेऊन अनेक जण येतात. भावना मोलाची आहे, पण या माळाला झाडे नकोत. माळरान म्हणजे उजाड झालेले जंगल नव्हे. वीतभर माती, खाली मुरूम, पाऊस बेताचा. इथले मूळ वैभव गवताचेच. लांडगा, चिंकारा, चंडोल, धाविक यांचे घर तेच. धाविक पक्षी तर उघड्या जमिनीवर अंडी घालतो, शेजारच्या खड्यांतून ती ओळखूही येत नाहीत. तिथे खड्डे खणून सावली केली की ती जागा त्याची राहत नाही.

सर्वांत मोठे नुकसान गिरिपुष्पाने केले. मूळचे मध्य अमेरिकेतले हे झाड लवकर हिरवे दिसते म्हणून लावले गेले. त्याच्या सावलीत पवना, शेडा, कुसळी ही इथली गवते टिकत नाहीत. गवत गेले की ससा, चिंकारा घटतात आणि लांडगा धनगरांच्या मेंढरांकडे वळतो.

गिरिपुष्प नुसते तोडू नका. बुंध्यातून दुप्पट फुटवे येतात. तोडलेली फांदी ओल्या जमिनीवर पडली तर तीही मूळ धरते. जुलै-ऑगस्टमध्ये जमीन मऊ असताना ते पहारीने मुळासकट काढायचे. पाला शेतात हिरवळीचे खत म्हणून न्या, फांद्या माळाबाहेर वाळवा. खड्ड्यात तीच माती लोटून मारवेल लावायची.

त्यासाठी ठोंब, म्हणजे मुळांसकट काढलेले गवताचे जुडगे, हवेत. ज्यांच्या बांधावर मारवेल आहे त्यांनी कडेचे थोडे काढून द्यावेत : एका ठोंबात तीन-चार फुटवे, शेंडे छाटून अर्धा फूट ठेवलेले, मुळे ओल्या गोणपाटात. उन्हात उघडे आणलेले ठोंब जगत नाहीत. लागवड दीड-दीड फुटावर करू.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पवना आणि शेड्याचे बी ओरबाडायला माणसे हवीत. निम्मे बी पाखरांना आणि मातीला राहू द्यायचे. ओरबाडलेले बी सावलीत वाळवून गोणीत ठेवायचे. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. ताजे बी नीट उगवत नाही, म्हणून पेरा पुढच्या जूनमध्ये, एकरी दोन-अडीच किलो, चाळलेल्या शेणखतात कालवून. नुसते फेकले तर वाऱ्यावर जाते.

पैसा लागतो तो वणव्यासाठी. मार्चनंतर आग लागली की जमिनीवरची अंडी-पिल्ले जळतात. फेब्रुवारीआधी दहा फुटी जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत हटवून मोकळा केलेला पट्टा) काढणे आणि मेअखेरपर्यंत राखणदारांची मजुरी, एवढ्यासाठीच देणगी घेतली जाईल. ती धनादेशाने, ग्रामपंचायत कार्यालयात द्यावी आणि पावती घ्यावी. गोण्या, पहारी, विळेही चालतील.

आपली,
जैवविविधता व्यवस्थापन समिती