नवकंकरीत घाई करू नकोस

प्रिय मनू,

फोनवर तू म्हणालीस की घरमालकीण आजी जेवणानंतर तुला डावात बसवतात आणि दहा मिनिटात हरवतात, आणि तुला कळतच नाही कुठे गाडी अडली. तू पाठवलेला फोटो बघितला आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, अगं ही आपली नवकंकरी! एकात एक तीन चौकोन, बाजूंचे मधले बिंदू रेषेने जोडलेले, प्रत्येकाच्या नऊ सोंगट्या. जर्मनीत तिला म्यूले म्हणतात आणि तिकडे ती घरोघरी असते, बुद्धिबळाच्या पटाच्या मागच्या बाजूला छापलेली. आपल्याकडे नाशिकला पांडवलेण्यांच्या कातळात जुन्या खेळांचे पट कोरलेले आहेत, आणि माझी आजी हाच पट शहाबादी फरशीवर कोळशाने काढायची, तिचे चिंचोके, माझे खडे. त्यामुळे तू हा खेळ शिकतेयस याचं मला फार अप्रूप आहे, म्हणून व्हॉट्सअॅपवर दोन ओळी न टाकता नीट लिहितोय.

नियम तुला आलेत. आळीपाळीने सोंगट्या मांडायच्या, मग रेषेवरून शेजारच्या रिकाम्या घरात (घर म्हणजे चौकोनाचा कोपरा किंवा बाजूचा मधला बिंदू) सरकवायच्या, तीन ओळीत लागल्या की समोरच्याची एक उचलायची, दोनच उरल्या किंवा हलायला जागाच नाही उरली की हरलं. पण तू जे करतेस ना, पहिल्यापासून तीन लावायच्या मागे लागतेस, तिथेच डाव जातो. मांडताना तीन लागले तर एक सोंगटी मिळते खरी पण तुझ्या तीन कोपऱ्याबिपऱ्यात अडकून बसतात आणि नंतर सरकायची वेळ आली की तू कोंडलेली असतेस.

पट जरा नीट बघ. घरं 24. त्यातली 12 कोपऱ्याची, तिथून फक्त दोन वाटा. मधल्या चौकोनाच्या बाजूंच्या बरोबर मध्यावर जी चार घरं आहेत ना, तिथून चार वाटा निघतात. मांडताना आधी ती घरं धर, चारही नाही मिळणार, आजी देणारच नाहीत, पण दोन तरी धरच. आणि अजून एक, प्रत्येक घर बरोबर दोन ओळींत येतं, एक आडवी एक उभी. म्हणजे एका ओळीत तुझी एक सोंगटी आहे, दुसरीत एक आहे, बाकी जागा रिकाम्या, आणि दोन्ही ओळी जिथे मिळतात ते घर पण रिकामं, तर तिथे ठेव. दोन्हीकडे तीन लागायची भीती तयार होते आणि आजींना एकच अडवता येते.

आता आजींचं खरं हत्यार, जे तुला दिसत नाहीये. समज बाहेरच्या चौकोनाच्या वरच्या ओळीत तीन सोंगट्या लागल्यात, आणि मधल्या चौकोनाच्या वरच्या ओळीत दोन कोपऱ्यांवर दोन, मध्ये रिकामं. वरच्या ओळीतली मधली सोंगटी एक घर खाली आणली की खालची ओळ पूर्ण, एक उचल. पुढच्या खेपेला तीच वर नेली की वरची पूर्ण, परत एक उचल. पाच सोंगट्यांत दर चालीला एक बळी! आणि ती खाली आली तेव्हा वरचं रिकामं घर तुला अडवता येत नाही कारण त्याच्या तिन्ही शेजारी घरात त्यांच्याच सोंगट्या असतात. अडवायची वाट एकच, सगळ्यात आतल्या चौकोनाच्या वरच्या बाजूच्या मध्यावर तुझी सोंगटी हवी, म्हणजे त्यांची वर गेली की तू मध्ये घुसायचं. म्हणून आजी आधी नेमकी तीच उचलतात, ती तिथे तिघांच्या ओळीत असेल तरच वाचते. पण खरा उपाय म्हणजे अशी रचना होऊच द्यायची नाही, वर तीन आणि खाली दोन कोपरे दिसायला लागले की सगळं सोडून ते मधलं घर अडव.

समोरच्याच्या तीनच उरल्या की त्याला कुठूनही कुठेही उडी मारता येते, तिथे बरेच जण जिंकत आलेला डाव घालवतात. त्याच्या चार उरल्या असताना त्यातली एक उचलण्याआधी तुझ्याकडे दोन वेगवेगळ्या ठिकाणी धोका तयार ठेव, उडी मारणारा एका चालीत एकच जागा अडवू शकतो.

आणि हरतेस म्हणून खट्टू होऊ नकोस गं. 1993 मध्ये राल्फ गॅसर याने कॉम्प्युटरवर हा खेळ पूर्ण सोडवला आणि निघालं काय, तर दोघंही न चुकता खेळले तर बरोबरी. पहिली चाल कोणाची याने काही बिघडत नाही, त्यामुळे आजींशी बरोबरी झाली तरी मी इकडे पेढे वाटीन.

बसण्याआधी त्यांना दोन गोष्टी विचारून घे, कारण घराघरात फरक असतो. एकाच सोंगटीने दोन ओळी लागल्या तर दोन उचलायच्या की एक, आणि समोरच्याच्या सगळ्याच सोंगट्या तिघांच्या ओळीत असतील तर त्यातली उचलता येते का. आणि मांडून झालं की सरकवायला सुरुवात करायच्या आधी पटाचा फोटो पाठव, कोण कोंडलंय ते मी इथून सांगतो.

तुझा,
बाबा