किडकिडीत पट्टी, बटरपेपर आणि तुम्ही

आदरणीय मॅडम,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही पाठवलेलं खोकं जुलैत पोचलं, तेव्हा फोनवर मी "मिळालं मॅडम, थँक्यू" एवढंच म्हणाले होते. आता सेमिस्टर संपलं. त्या खोक्यातल्या वस्तू हातात घेऊन तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विमानाची संरचना शिकवून झाली, आणि ते फोनवरचं थँक्यू फार अपुरं वाटतंय. म्हणून हे पत्र. उघड लिहितेय, कारण हा विषय शिकवणारे आणखी बरेच जण आहेत आणि तुमची शिकवण्याची रीत त्यांच्यापर्यंतही जावी असं मला मनापासून वाटतं.

तुम्हाला आठवत असेल की नाही, ठाऊक नाही. मी रावेरकडून आलेली, दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. पहिल्या महिन्यात वर्गात 'स्लेंडरनेस रेशो' हा शब्द आला आणि मी तो वहीत तसाच उतरवून घेतला. तास संपल्यावर तुम्ही माझ्या बाकाशी आलात. "स्लेंडर म्हणजे किडकिडीत गं. लांबीच्या मानानं अंग कमी. तुमच्याकडे केळीच्या घडाला टेकू देतात ना? लांब आणि बारीक बांबू दिला तर काय होतं?" मी म्हटलं, पोक काढतो. "तुटतो का?" नाही, आधी वाकतो. "झालं. हेच गणितज्ञ ऑयलरनं 1744 साली गणितात लिहिलं." केळीच्या बागेतला टेकू आणि ऑयलर एका वाक्यात आले, त्या दिवसापासून हा विषय मला परका राहिला नाही.

आणि मग ती पट्टी. तीस सेंटीमीटरची साधी प्लॅस्टिकची पट्टी, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर उभी धरून वरून दाबायची. पण दाबायच्या आधी प्रत्येकानं आकडा सांगायचा, ही तुमची अट. कुणी पाच किलो म्हणालं, कुणी वीस. काटा 700 ग्रॅमच्या आसपास थांबला. त्यापुढे कितीही दाबलं तरी पट्टी जास्त वाकायची, आकडा मात्र जागचा हलेना. मग तुम्ही पट्टी मधोमध दोन बोटांत नुसती धरलीत आणि पुन्हा दाबायला सांगितलंत. पावणेतीन किलोच्या वर! लांबी निम्मी, भार चौपट. सूत्रात लांबीचा वर्ग खाली का बसतो, ते मला तेव्हा बोटांत कळलं. त्याच पट्टीचा दोन सेंटीमीटरचा तुकडा दीडशे किलोच्या वर सोसेल, हे तुम्ही गणितानं दाखवलंत तेव्हा वर्ग गप्प झाला होता. सामान तेच, फक्त लांबी वेगळी.

तेव्हा मागच्या बाकावरून एकानं विचारलं होतं, "मग जास्त मजबूत धातू घेऊ या की." तुम्ही रागावला नाहीत. 2024 आणि 7075 या दोन ॲल्युमिनियम मिश्रधातूंचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिलेत. 7075 ची ताकद बरीच जास्त, पण ताठपणा दोघांचा जवळपास सारखाच, 72 गिगापास्कलच्या आसपास. किडकिडीत खांब ताकदीवर उभा नसतो, ताठपणावर उभा असतो. महागडा धातू घेऊन बकलिंग, म्हणजे दाबाखाली असं पोक काढणं, एक ग्रॅमनंही पुढे ढकललं जात नाही. हा मुद्दा यंदा माझ्या वर्गात सगळ्यात जास्त वेळ चालला. मुलं भांडली, आणि मी ती भांडू दिली.

तुम्हाला कधीच न सांगितलेली एक गोष्ट आज सांगते. शिकवायला येण्याआधी मी एका डिझाइन कंपनीत होते. दुसऱ्याच महिन्यात एका पॅनेलचं बकलिंग काढायचं काम आलं. पत्रा एक मिलिमीटर जाड, दोन स्ट्रिंजरमधलं, म्हणजे पत्र्याला आतून जोडलेल्या लांब आधारपट्ट्यांमधलं, अंतर 120 मिलिमीटर. पत्रा किती दाबाला सुरकुतेल, याचं सॉफ्टवेअरनं उत्तर दिलं 32 मेगापास्कल. रंगीत चित्र सुंदर होतं, अहवाल तयार होता. पण आधी अंदाज सांगायची तुमची सवय अंगात भिनलेली. कागद घेतला. 3.62 (कडांचा गुणांक 4 धरला की येणारा आकडा) गुणिले 72,000 (तोच ताठपणा, मेगापास्कलमध्ये), गुणिले जाडी भागिले रुंदी यांचा वर्ग. उत्तर 18. दोन्ही बरोबर असणं शक्यच नव्हतं. रात्री उशिरा चूक सापडली. मॉडेलमध्ये मी पत्र्याच्या कडा पक्क्या जखडल्या होत्या, जरासुद्धा फिरू न देता. अशा कडांना सूत्रातला तो गुणांक 4 वरून 7 च्या घरात जातो. खऱ्या विमानात तो पातळ झेड आकाराचा स्ट्रिंजर कडेला एवढं कुठला आवळून धरणार? गुणांक 4 च्या जवळच धरायला हवा होता. ती चूक माझी होती, आणि ती मी पकडली ती तुमच्यामुळे. अहवाल तसाच पुढे गेला असता तर काय, या विचारानं मला कित्येक दिवस झोप नीट लागत नव्हती.

18 मेगापास्कल हा आकडा मुलांना मी मुद्दाम दाखवते. त्या पत्र्याचा धातू 300 च्या आसपास गेल्यावर कायमचा वाकतो, आणि पत्रा 18 लाच सुरकुततो. मुलं हमखास विचारतात, मग विमान उडतं कसं?

इथे तुमची ती चौकट बाहेर काढायची. मेकॅनोच्या चार पट्ट्या, कोपऱ्यांत सैल नटबोल्ट, मध्ये ताणून चिकटवलेला बटरपेपर. कागद नसेल तर चौकट लगेच तिरकी होऊन पडते. कागद असला की उभी. वरच्या कोपऱ्याला बाजूनं ढकललं की कागदावर तिरक्या सुरकुत्या उमटतात, आणि चौकट तरीही उभी! एका कर्णाच्या दिशेनं दाब असतो, तिथे कागद हार मानतो. दुसऱ्या कर्णाच्या दिशेनं ताण असतो, तिथे तो दोरीसारखा ओढून धरतो, आणि उरलेला दाब उभ्या पट्ट्या घेतात. अभियंते हर्बर्ट वॅग्नर यांनी 1929 साली हेच गणितात मांडलं, आणि पातळ पत्र्याची हलकी विमानं बांधणाऱ्यांना त्याचा मोठा आधार झाला. बी-52 हे अमेरिकेचं बॉम्बफेकी विमान जमिनीवर उभं असतं तेव्हा त्याच्या पुढच्या अंगावर अशा सुरकुत्या उघड दिसतात. फोटो दाखवला की मुलं आधी घाबरतात, मग मोजायला लागतात.

तुमचा प्रश्न मी जसाच्या तसा विचारला. पट्टीही वाकली, कागदही वाकला. मग पट्टीचा आकडा का थांबला आणि कागद आणखी भार का घेत राहिला? तुम्ही आम्हाला उत्तर दिलं नव्हतंत, आठ दिवस दिले होते. मीही आठ दिवस दिले. सातव्या दिवशी एक मुलगी पायऱ्यांवर गाठून म्हणाली, "मॅडम, कागदाच्या चारही कडा कुणीतरी धरल्यात. पट्टीच्या कडा मोकळ्या." तिला ते स्वतःहून सापडलं होतं. तिचा चेहरा बघताना तुम्ही त्या वेळी आमच्याकडे कसं बघत असाल, ते मला समजलं.

बोइंग 777 च्या पंखाच्या 1995 सालच्या चाचणीचा व्हिडिओही शेवटच्या तासाला लावला, तुमच्यासारखाच, आवाज बंद करून. पंख वर वर वाकत जातो. विमानाला आयुष्यात भेटेल त्या जास्तीत जास्त भाराच्या दीडपट भार तीन सेकंद सोसायचा, हा नियम. 154 टक्क्यांना पंख तुटला. दीडशे आणि एकशे चोपन्नमधला तो थोडासा फरक किती लोकांच्या किती वर्षांच्या हिशेबातून आला असेल, यावर वर्गात बोलणं झालं. मी फार बोलले नाही.

बांबूचं पेर तुम्ही खोक्यात घातलंत, ते का, हे मला आधी कळेना. मग लक्षात आलं. पोकळ नळी वाकवली की ती चपटी होते आणि मग एकदम मोडते. बांबूतल्या गाठी आतून तिला गोल ठेवतात, विमानाच्या अंगातल्या चौकटी करतात तेच काम. ब्रेझियर यांनी नळीचं हे चपटं होणं 1927 साली सिद्ध केलं. मी ते पेर उभं चिरून मुलांच्या हातात दिलं. रावेरची मी, आणि टेकूच्या आत काय असतं ते आजवर पाहिलंच नव्हतं.

मॅडम, चौकटीवरचा तुमचा जुना बटरपेपर ऑक्टोबरात फाटला. तो काढून जपून ठेवलाय आणि नवा लावलाय. वजनकाट्याचे सेल बदलले. पुढच्या वर्षी पहिल्या तासाला तुम्ही आमच्याकडे या, अशी विनंती आहे. पट्टी तुम्ही दाबा. आकडा आधी मुलं सांगतील.

आपली विद्यार्थिनी