अमेरिकी पासपोर्टची शिळी टक्केवारी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'दहांतल्या एकाच अमेरिकन माणसाकडे पासपोर्ट असतो' हे वाक्य आपल्याकडे इतक्यांदा छापून आले आहे, की ते तपासून पाहण्याची तसदी आता कुणी घेत नाही. तिकडची निवडणूक जवळ आली की अग्रलेखांपासून व्हॉट्सॲपपर्यंत ते हमखास डोके वर काढते. निष्कर्षही शेजारी तयार असतो: या लोकांना जगाचे काही पडलेले नाही. निष्कर्षाचे नंतर पाहू, आधी आकडा. तो फार जुना आहे. १९९० च्या सुमारास शंभरात जेमतेम पाचेक जणांकडे वैध पासपोर्ट होता. आज अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या मोजणीत १६ कोटींहून अधिक वैध पासपोर्ट लोकांच्या हाती आहेत, म्हणजे लोकसंख्येच्या निम्म्याच्या आसपास.

या निम्म्यातही मेख आहे. खात्याच्या मोजणीत पुस्तिकेबरोबर पासपोर्ट कार्डही (खिशात मावणारे, विमानप्रवासाऐवजी रस्त्याने वा समुद्रमार्गे जवळच्या देशांतून परतताना चालणारे) धरले जाते आणि एकाच माणसाकडे दोन्ही असू शकतात, त्यामुळे आकडा थोडा फुगतो. उलट ज्या लोकसंख्येने आपण भागतो तिच्यात दोन कोटींहून अधिक लोक अमेरिकेचे नागरिकच नाहीत. ते स्वतःच्या देशाच्या पासपोर्टवर फिरतात आणि हिशेबात 'पासपोर्ट नसलेले' ठरतात.

मग तीस-पस्तीस वर्षांत पाचाचे पन्नास झाले, ते अमेरिकनांना अचानक जगाची ओढ लागली म्हणून? मुख्यतः नाही. नियम बदलले म्हणून. शांततेच्या काळातही देशाबाहेर जाताना नागरिकाकडे पासपोर्ट हवाच, ही कायदेशीर सक्ती तिथे १९७८ ची आहे, आणि त्यानंतरही कॅनडा, मेक्सिको व कॅरिबियन बेटांचा बराचसा प्रवास तिच्यातून वगळलेला होता. डेट्रॉइटच्या माणसाने पूल ओलांडून कॅनडातल्या विंडसरला जायचे, परतताना नाक्यावरच्या अधिकाऱ्याने 'नागरिकत्व?' विचारायचे, याने तोंडी उत्तर द्यायचे, फार तर वाहन परवाना दाखवायचा, की काम झाले. टेक्सासमधल्या एल पासोहून मेक्सिकोतल्या हुआरेसला ये-जा करणाऱ्यांचेही तेच. वर्षाला पन्नास वेळा परदेशी जाणारा असा माणूस पासपोर्टच्या आकडेवारीत मात्र 'कधीच बाहेर न पडलेला' म्हणून नोंदला जायचा.

११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, २००४ च्या कायद्याने ही सवलत काढून घेतली. विमानाने परतणाऱ्यांना २३ जानेवारी २००७ पासून आणि रस्त्याने किंवा समुद्रमार्गे येणाऱ्यांना १ जून २००९ पासून पासपोर्ट किंवा त्याच्या तोडीचे कागद दाखवणे भाग पडले. २००६ मध्ये १ कोटी २१ लाख पासपोर्ट दिले गेले होते, ते २००७ मध्ये १ कोटी ८४ लाखांवर गेले. कार्यालये इतकी तुंबली, की जूनमध्ये सरकारलाच नमते घ्यावे लागले आणि सप्टेंबरअखेरपर्यंत नुसत्या अर्जाच्या पावतीवर विमानात बसू द्यावे लागले.

एक पळवाट अजून आहे. मायामीहून निघून बहामाज करून मायामीलाच परतणाऱ्या क्रूझवर अमेरिकी नागरिकाला जन्मदाखला आणि सरकारी फोटो ओळखपत्र चालते. गोम अशी, की बेटावर आजारी पडलात किंवा बोट चुकली तर घरी विमानानेच यावे लागते आणि विमानाला पासपोर्ट लागतो. मग दूतावासाच्या दारात जाऊन तातडीचा पासपोर्ट काढण्याला पर्याय उरत नाही. म्हणूनच कंपन्या प्रवाशांना पासपोर्ट घेऊनच या म्हणतात आणि पुष्कळ प्रवासी ते कानाआड करतात.

भूगोलाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून एकच तुलना. लॉस एंजेलिसहून विमानाने न्यूयॉर्क ३,९०० किलोमीटरच्या पुढे आणि होनोलुलू सुमारे ४,१०० किलोमीटर. दोन्ही देशांतर्गत. प्वेर्तो रिको, यूएस व्हर्जिन आयलंड्स आणि ग्वाम इथे जायलाही पासपोर्ट नको. बर्फ, वाळवंट, प्रवाळबेटे, ज्वालामुखी हे सगळे एकाच चलनात आणि एकाच वाहन परवान्यावर मिळत असेल, तर आठवडाभराची सुट्टी कुठे जाणार हे उघड आहे.

आणि सुट्टी आठवडाभराचीच असते, हा खरा कळीचा मुद्दा. अमेरिकेत मालकाने पगारी रजा दिलीच पाहिजे असा केंद्रीय कायदा नाही. १९३८ चा श्रमकायदा किमान वेतन आणि जादा कामाचा मोबदला ठरवतो, रजेबद्दल गप्प आहे. खासगी क्षेत्रात वर्षभर नोकरी झालेल्याला सरासरी ११ दिवसांच्या आसपास पगारी रजा मिळते आणि कित्येक ठिकाणी आजारपणाची रजाही त्याच गाठोड्यातून जाते. युरोपीय संघात किमान चार आठवडे कायद्यानेच मिळतात. अकरांतले चार दिवस नाताळात आईवडिलांकडे गेले, दोन मुलांच्या तापात गेले, की उरलेल्या पाचांत रोमला जाऊन येण्यापेक्षा गाडी काढून डोंगरात जाणे माणूस पसंत करणारच.

आता पासपोर्ट काढण्याची गोष्ट, जी या चर्चेत कुणी सहसा बोलत नाही. प्रौढाच्या पहिल्या पासपोर्टला १३० डॉलर शुल्क आणि अर्ज स्वीकारणाऱ्या कार्यालयाचे ३५, असे १६५ डॉलर पडतात. सोळा वर्षांखालील मुलाचे १३५, आणि तो पाचच वर्षे चालतो. चौघांच्या कुटुंबाला फोटोचा खर्च सोडून ६०० डॉलर. घाई असेल तर माणशी आणखी ६०. केंद्रीय किमान वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलरवर अडकलेले आहे. त्या दराने एक पासपोर्ट म्हणजे जवळजवळ २३ तासांची मजुरी, तीही प्रवासाचा एक पैसा खर्च होण्याआधी. मिसिसिपी आणि वेस्ट व्हर्जिनियात पासपोर्टचे प्रमाण तळाला आणि न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्समध्ये वर का, याचे बरेचसे उत्तर इथे मिळते.

पैशाइतकाच कागद छळतो. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याने डीएस-११ हा फॉर्म घेऊन पोस्टात, काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) क्लार्ककडे किंवा असे काम घेणाऱ्या वाचनालयात स्वतः जायचे. सगळ्यांत नेहमीची चूक म्हणजे घरीच सही करून नेणे. सही अधिकाऱ्यासमोर, शपथ घेऊनच करायची असते, आधी केली की फॉर्म नव्याने भरा. दोन शुल्के वेगवेगळी: १३० डॉलर परराष्ट्र खात्याच्या नावे चेक किंवा मनीऑर्डरने, ३५ त्या कार्यालयाला. १३० साठी तिथे क्रेडिट कार्ड चालत नाही, त्यामुळे खिडकीपर्यंत पोहोचलेले कित्येक जण तसेच माघारी फिरतात. फोटो दोन बाय दोन इंच, पांढऱ्या पार्श्वभूमीचा, सहा महिन्यांच्या आतला आणि १ नोव्हेंबर २०१६ पासून बिनचष्म्याचा.

जन्मदाखल्याची गंमत निराळीच. आईवडिलांनी कपाटात जपून ठेवलेला, बाळाच्या पावलांचे ठसे असलेला सुंदर कागद हा इस्पितळाने दिलेली आठवण असतो, दाखला नव्हे. लागतो तो राज्याच्या किंवा काउंटीच्या निबंधकाचा शिक्का असलेला, आईवडिलांची पूर्ण नावे असलेला आणि जन्मानंतर वर्षाच्या आत नोंदवलेला. लग्नात आडनाव बदलले असेल तर विवाहाचा दाखलाही जोडा. मूल सोळाच्या आतले असेल तर दोन्ही पालक हजर हवेत, किंवा न येणाऱ्याचे नोटरीसमोर सही केलेले संमतिपत्र हवे. घटस्फोटित घरांत अर्ज इथेच अडतो. आणि मुलांच्या पोटगीचे २,५०० डॉलरहून अधिक थकवले असतील, तर पासपोर्ट सरळ नाकारला जातो.

घरी सुईणीच्या हातून जन्मलेल्यांचे हाल याहून वाईट. दक्षिणेकडच्या राज्यांत अशा अनेक वृद्ध कृष्णवर्णीयांच्या जन्माची वेळेवर नोंदच झालेली नाही. त्यांना 'नोंद सापडत नाही' असे राज्याचे पत्र, बाप्तिस्म्याची नोंद, जुन्या जनगणनेतला किंवा शाळेतला उतारा असे तुकडे जोडत बसावे लागते. टेक्सासच्या सीमेवर तर काही सुइणींनी खोटे दाखले दिल्याचे सिद्ध झाल्यावर, त्यांच्या हातून खरोखर टेक्सासमध्ये जन्मलेल्यांनाही वर्षानुवर्षे संशयाने वागवले गेले. प्रकरण न्यायालयात गेले आणि २००९ मध्ये तडजोड झाली.

एकदा काढला की दहा वर्षांची निश्चिंती, हेही तितकेसे खरे नाही. नूतनीकरणाचा सोपा अर्ज, डीएस-८२, जुना पासपोर्ट सोळाव्या वर्षानंतर आणि गेल्या पंधरा वर्षांत मिळालेला असेल तरच चालतो. त्याहून जुना असेल तर पुन्हा डीएस-११, पुन्हा रांग, पुन्हा ३५ डॉलर. कॉलेजात असताना एकदा युरोप पाहिलेला पन्नाशीचा माणूस त्यामुळे आज 'पासपोर्ट नसलेल्यां'त मोडतो. जर्मनीत दोन वर्षे तळावर राहिलेला सैनिकही त्यांतच असू शकतो, कारण तो लष्करी ओळखपत्र आणि बदलीच्या आदेशावर गेलेला असतो. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी पाहणी संस्थेच्या २०२१ च्या पाहणीत ७१ टक्के प्रौढ अमेरिकनांनी आयुष्यात एकदा तरी देशाबाहेर गेल्याचे सांगितले, ते या पार्श्वभूमीवर वाचायला हवे.

उलट बाजूही आहे. ७ मे २०२५ पासून देशांतर्गत विमानालाही 'रिअल आयडी' या केंद्रीय कायद्याच्या निकषांचे ओळखपत्र लागते आणि त्याजागी पासपोर्ट चालतो. नव्या नोकरीत रुजू होताना ओळख आणि कामाचा हक्क या दोन्हींचा पुरावा म्हणून तो एकटा पुरतो. म्हणजे यापुढे पासपोर्ट वाढतील, त्यातले काही कधी सीमेपलीकडे न जाता खणातच राहतील, आणि आपण मात्र 'अमेरिकन जग पाहू लागले' असे मथळे देऊ.

अमेरिकनांच्या कूपमंडूकपणावर टीका करू नये असे मुळीच म्हणणे नाही. तिला भरपूर जागा आहे. फक्त तिला पासपोर्टच्या टक्केवारीचा टेकू देऊ नये. कोण किती फिरते हे पाहायचे असेल, तर अमेरिकेच्या वाणिज्य खात्याचे पर्यटन कार्यालय देशाबाहेर जाणाऱ्या नागरिकांच्या फेऱ्या देशवार मोजून दर महिन्याला प्रसिद्ध करते. त्यांतल्या जवळपास निम्म्या मेक्सिको आणि कॅनडाच्या असतात, हे मात्र छापताना शेजारी लिहावे.

आपला,
एक वाचक