माकडाला वेफर्स, पोराला धडा?

संपादक महोदय,
रविवारी लेकीला घेऊन बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गेले होते, कान्हेरीच्या पायऱ्यांवर एक बाबा फोटोसाठी पोराला माकडापुढे वेफर्स धरायला लावत होते, माकडानं अख्खं पाकीटच हिसकावलं, पोरगं रडलं आणि बाकीचे हसले. नंतर ते चुरगळलेलं पाकीट उचलायला तोच पोरगा वाकला तर आई म्हणते, "शी, टाक ते!" आता काय बोलायचं? तुळशी आणि विहार हे दोन्ही तलाव ह्याच जंगलात आहेत, त्यांचं पाणी मुंबईच्याच नळाला येतं. मी हल्ली लेकीच्या सॅकमध्ये एक रिकामी पिशवी देते, कचरा तिच्यात भरून घरी. परवा चॉकलेटचा कागद माझ्याच हातून पडला, तर मलाच ओरडली.
- एक आई, कांदिवली