ठाण्यात आधुनिक युग नक्की कधी आलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ठाणे स्टेशनवर लेख होता, त्यात एक वाक्य असं होतं की १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी आली आणि ठाणं मध्ययुगातून आधुनिक युगात आलं. लेख चांगलाय, १४ डबे, ४०० पाहुणे, ३४ किलोमीटर, सगळं बरोबर. पण ते वाक्य खटकलं, कारण असंच आपण सगळे बोलतो, शाळेतही असंच शिकवतात आणि पोरांना वाटतं की पावसाळा संपून थंडी पडते तसं युग आपोआप बदलतं. तसं नसतं हो. युगं कोणीतरी माणूस बसून पाडतो, आणि तो कोण होता, कुठला होता, त्याला काय दाखवून द्यायचं होतं हे सांगितल्याशिवाय ती वापरू नयेत असं मला फार मनापासून वाटतं.

प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक हे तीन कप्पे युरोपातले. १४व्या शतकात पेट्रार्क या इटालियन कवीनं रोम पडल्यानंतरचा काळ अंधाराचा ठरवला, पुढे १७व्या शतकाच्या शेवटी सेलारियस या जर्मन प्राध्यापकानं त्याच विचारावर टेक्स्टबुकंच लिहिली. मधल्या काळाच्या दोन टोकांना साल कुठलं तर ४७६ आणि १४५३, एकदा रोम पडलं आणि एकदा कॉन्स्टँटिनोपल पडलं. यात कोकण कुठे आलं? आणि भारताचे भाग पाडले जेम्स मिलनं, १८१७ च्या त्याच्या इतिहासात, हिंदू काळ, मुस्लिम काळ, ब्रिटिश काळ. हा माणूस कधी भारतात आला नाही, इथली एक भाषा त्याला येत नव्हती. नंतर आपल्या लोकांनी कप्प्यांची नावं बदलली पण रेघा बऱ्याचशा तिथेच राहिल्या.

आता हे ठाण्याला लावून बघा. उत्तर कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्याची इथे राजधानी होती, त्यांच्यातल्या अपरादित्य राजानं १२व्या शतकात याज्ञवल्क्य स्मृती या धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथावर टीका म्हणजे भाष्य लिहिलं, जे अपरार्क म्हणून धर्मशास्त्रवाले आजही वापरतात, आणि त्याचा दूत थेट काश्मीरच्या पंडितांच्या सभेत गेला होता. मिलच्या हिशोबानं हा राजा हिंदू काळातला, नव्या पुस्तकांच्या हिशोबानं पूर्वमध्ययुगातला, माणूस तोच. मग १५३० नंतर पोर्तुगीज आले ते १७३७ पर्यंत इथे होते. म्हणजे युरोपच्या पुस्तकात ते आधुनिक युगातले लोक. आणि १६५७ ला शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, तिथल्या खाडीत आरमार उभं करायला सुरुवात केली, तर आपल्या सातवीच्या पुस्तकात तो सगळा भाग मध्ययुगात, आधुनिक काळ आठवीत सुरू होतो, युरोपपासून. कल्याणला जहाजं बांधायला सुरुवातीला पोर्तुगीज कारागीर होते, वसईच्या पोर्तुगीजांनी नंतर त्या कारागिरांना फोडून परत नेलं. एकाच खाडीवर, एकच कारागीर, एकच हत्यारं, मग ठाण्याला आधुनिक आणि कल्याणला मध्ययुगीन कसं? मला याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात मिळालेलं नाही, आणि मला वाटतं उत्तर नाहीच, कारण रेघच चुकीच्या जागी आहे. १८१८ ची रेघ पण इथे बसत नाही. पेशवाई १८१८ ला संपली पण ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबरमध्येच घेतला होता, म्हणजे रेल्वे आली तेव्हा ठाण्यात इंग्रजी राज्याला पाऊणशे वर्षं उलटून गेली होती.

युगं नकोतच असं नाही म्हणत मी, त्याशिवाय इतिहास शिकवताच येणार नाही. पण आधुनिक कशाला म्हणायचं ते आधी ठरवा. छापखाना म्हणाल तर गोव्यात १५५६. नाइतो कोनान या जपानी इतिहासकारानं तर चीनचं आधुनिक युग सोंग घराण्याच्या काळात, म्हणजे १०व्या शतकापासूनच धरलं, कारण जुनी घराणी मोडली, परीक्षा देऊन अधिकारी व्हायला लागले, बाजार वाढले. आणि जोन केली या अमेरिकन बाईंनी १९७७ मध्ये विचारलं होतं की युरोपातलं रेनेसान्स, म्हणजे प्रबोधन, बायकांच्या वाट्याला आलं होतं का, आणि त्यांचं उत्तर होतं, नाही. हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे मुलींसाठी रेघ मारायची तर पुण्यात १८४८ ला मारावी लागेल, फुले दांपत्याच्या शाळेपाशी. ज्यांना सार्वजनिक तळ्यावर पाणी पिऊ देत नव्हते त्यांच्यासाठी २० मार्च १९२७, महाड. गाडी १८५३ ला आली तेव्हा यांचं रोजचं जगणं काय बदललं हो?

आणि खाडीच्या पलीकडे घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे, तिथल्या आगरी-कोळी घरात विचारा. त्यांचा काळ सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीच्या, आधीचा आणि सिडकोच्या नंतरचा, १९७० ही त्यांची रेघ. ९५ गावांच्या जमिनी गेल्या, शेती, मिठागरं, मासेमारी सगळं बदललं, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक उभे राहिले, जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात गोळीबारात पाच जण गेले, त्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळायला लागली. आपल्या पेपरात याला नवी मुंबईचा विकास म्हणतात आणि शहर आधुनिक झालं म्हणतात, ते गाववाल्यांच्या तोंडून कधी ऐकलंय का?

तर विनंती एवढीच की रेल्वेवर लिहिलंत तसं या गावांवरही पुरवणी काढा, ज्यांनी तो बदल स्वतः बघितला ते आजी-आजोबा अजून आहेत, त्यांना काळाचे भाग पाडायला सांगा आणि जसे पाडतील तसे छापा.

आपला,
एक वाचक, नौपाडा, ठाणे