लिनक्स टाका म्हणणं सोपं, पण टॅली, टोकन आणि प्रिंटरचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हापासून तुमच्या पुरवणीत, यूट्यूबवर, व्हॉट्सॲपवर एकच सल्ला फिरतोय, जुना कॉम्प्युटर भंगारात घालू नका, विंडोज काढून लिनक्स टाका, फुकट आहे, फास्ट आहे, व्हायरस येत नाही. मी तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर दुरुस्ती आणि डीटीपीचं दुकान चालवतो, गिऱ्हाइकांना स्वतः लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक सोपा प्रकार) टाकून देतो, त्यामुळे सल्ल्याला माझा विरोध असायचं काही कारणच नाही. पण सल्ला देणारा मोकळा होतो आणि नंतरचे फोन आमच्यासारख्यांना येतात, म्हणून हे पत्र.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचाच प्रोसेसर चालतो. म्हणजे चौथ्या-सहाव्या पिढीचे आय थ्री, आय फाइव्ह, जे गावोगावच्या शाळांत, पतसंस्थांत, वकिलांच्या टेबलावर अजून व्यवस्थित चालतायत, ते एका फटक्यात बाद. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापराला ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ दिलीय खरी, पण ती काही कायमची नाही. अशा मशीनमध्ये साधी एसएसडी टाकली आणि मिंट चढवलं की ते खरंच छान पळतं, इन्स्टॉल करायलाही काही अवघड नाही, नेक्स्ट नेक्स्ट करत जायचं. पण मशीन घरी गेलं की दोन दिवसांत फोन येतो, "दादा, सगळं मस्त आहे, फक्त टॅली कुठंय?"

आधी चांगलं ते सांगतो, नाहीतर लिनक्सवाले माझ्यावर तुटून पडतील. अपडेटची जी पद्धत लिनक्समध्ये आहे तशी विंडोजवाल्यांनी पाहिलेलीच नसते. विंडोजवर ब्राउझर वेगळा अपडेट होणार, पीडीएफवालं वेगळं, व्हीएलसी वेगळं, प्रत्येकजण कोपऱ्यातून डोकं काढून विचारणार आणि त्यात एखादी भलतीच जाहिरात 'अपडेट' म्हणून क्लिक होणार. मिंटमध्ये रिपॉझिटरी म्हणजे एकच मोठं कोठार असतं, तिथून सिस्टीम, लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, गिंप सगळ्याचे अपडेट एकाच खिडकीत येतात, तुम्ही म्हणाल तेव्हा लागतात, आणि चालू कामात मशीन आपोआप रीस्टार्ट होत नाही. कर्नलचा, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याचा, अपडेट घेतल्यावर वायफाय गेलं तरी घाबरायचं कारण नाही, सुरुवातीच्या मेन्यूत जुना कर्नल शिल्लक असतो, तो निवडायचा आणि काम पुढे चालू. मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाचं एक प्रोग्राम आधीच असतं, ते लावून ठेवलं तर सिस्टीम कालच्या स्थितीला परत नेता येते. मी तर ते लावून दिल्याशिवाय मशीन दुकानाबाहेर जाऊ देत नाही.

आता "लिनक्सला काही होत नाही" हे वाक्य मात्र बंद करा. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असणाऱ्या एका बारीकशा कॉम्प्रेशन लायब्ररीत कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा घालून ठेवल्याचं उघडकीस आलं. सापडला कसा, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या मायक्रोसॉफ्टमधल्याच इंजिनिअरला एसएसएच, म्हणजे लांबून दुसऱ्या मशीनवर केलेल्या, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा संशय आला आणि तो खणत बसला. पण त्यातून वाचलं कोण ते बघा. डेबियन, फेडोरा, उबंटू हे लिनक्सचे वेगवेगळे प्रकार. ५.६.० आणि ५.६.१ ही बाधित व्हर्जन डेबियनच्या टेस्टिंगमध्ये आणि फेडोराच्या चाचणीतल्या आवृत्त्यांत पोचली होती, डेबियन स्टेबल आणि उबंटूच्या एलटीएसमध्ये, म्हणजे वर्षानुवर्षं सपोर्ट मिळणाऱ्या आवृत्तीत, पोचलीच नव्हती, कारण तिथं नवीन माल लगेच घेतच नाहीत, सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या घेतात. तेव्हा "दादा, माझ्याकडं जुनंच व्हर्जन दिसतंय" म्हणून जे तक्रार करतात त्यांना मी हीच गोष्ट सांगतो. ऑफिसच्या मशीनला एलटीएसच बरं.

पण याचीच दुसरी बाजू म्हणजे खरी डोकेदुखी. समजा एखाद्या पोराला इंकस्केप या ड्रॉइंगच्या प्रोग्रामचं अगदी नवं व्हर्जन हवंय, किंवा कुणीतरी लिनक्ससाठी बनवलेलं एखादं छोटं प्रोग्राम डाउनलोड केलंय. ते बनवणाऱ्याने उबंटू २४.०४ वर बनवलं आणि आपल्याकडं २२.०४ आहे, तर डबल क्लिक केल्यावर काहीच होत नाही, टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करून, चालवलं की दिसतं 'जीलिबसी २.३८ नॉट फाउंड'. खालची मूळ लायब्ररी जुनी, वरचं प्रोग्राम नव्या लायब्ररीच्या भरवशावर, बस. विंडोजवर पंधरा वर्षांपूर्वीची एक्सई फाइल, म्हणजे विंडोजचा प्रोग्राम, बऱ्याचदा आजही उघडते, लिनक्सवर एकाच उबंटूच्या दोन आवृत्त्यांत ही गत, आणि वर डेबियन, फेडोरा, आर्च असे शंभर प्रकार. सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसाला विचारलं "लिनक्ससाठी का काढत नाही" तर तो म्हणतो "कुठल्या लिनक्ससाठी?" आणि खरं सांगायचं तर त्याचं अगदीच चुकत नाही.

यावर तोडगा म्हणून फ्लॅटपॅक, स्नॅप आणि ॲपइमेज या प्रोग्राम पॅक करून देण्याच्या पद्धती आल्या. फ्लॅटपॅक म्हणजे सासरी जाताना चूल, पोळपाट, लाटणं सगळं बरोबर घेऊन निघालेली सून, तिथं काय आहे काय नाही याची तिला फिकीरच नाही. त्यामुळे तेच फ्लॅटपॅक मिंटवर चालतं, फेडोरावर पण चालतं, ही फार मोठी सोय झालीय. पण सामानही तितकंच. पहिलं फ्लॅटपॅक घेताना त्याचं रनटाइम म्हणून शेकडो एमबी उतरतात आणि आमच्याकडं निम्मी गिऱ्हाइकं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, दिवसाला दीड जीबीवाली, त्यांचा दिवसाचा डेटा तिथंच संपतो. शिवाय ते सुरक्षेसाठी बंदिस्त असतं म्हणून काही ॲपना पेनड्राइव्हच दिसत नाही, परवानगी कुठं द्यायची ते कुणी सांगितलेलं नसतं. उबंटूने २२.०४ पासून फायरफॉक्स फक्त स्नॅपमध्ये द्यायला सुरुवात केली तेव्हा लोक उघडायला लागणाऱ्या वेळेवरून किती वैतागले होते! मिंटवाल्यांनी तर २०२० मध्येच स्नॅपला दारातच अडवलं. म्हणजे एक भांडण मिटवायला तीन पद्धती आल्या आणि त्या तिघांत चौथं भांडण सुरू.

आता एक्सईकडं येऊ, कारण टॅली म्हणजे शेवटी एक्सईच. त्यासाठी वाइन आहे. विंडोज प्रोग्राम जे मागेल ते लिनक्सच्या भाषेत करून द्यायचं असं त्याचं काम, १९९३ ला सुरू झालं आणि १.० व्हर्जन यायला २००८ उजाडलं, यावरून काम किती किचकट आहे ते समजा. गेमवाल्यांचं मात्र भलं झालं, कारण स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने त्यात पैसा घातला, २०१८ मध्ये वाइनवरच बांधलेलं प्रोटॉन आणलं, २०२२ मध्ये स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं लिनक्सवालं मशीन विकायला काढलं, आणि आज विंडोजचे ढिगाने गेम लिनक्सवर चालतात. अर्थात व्हॅलोरंटसारखे अँटीचीटवाले, म्हणजे लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर लागणारे, नाहीत चालत, ते पोरांना आधीच सांगून टाकतो. पण टॅलीसाठी, जमीन मोजणीच्या सॉफ्टवेअरसाठी, शाळेच्या निकालपत्रकाच्या गावठी प्रोग्रामसाठी व्हॉल्व्हसारखा शेठ कुठून आणणार? वाइनवर अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर कुणाचं चालतं, कुणाचं अर्धवट चालतं, आणि वीस तारखेला जीएसटीचं थ्रीबी रिटर्न भरायचं असताना अर्धवट चालणं म्हणजे न चालणंच.

त्यात पायाखालची सतरंजी कधी ओढली जाईल तेही सांगता येत नाही. जून २०१९ मध्ये उबंटूने जाहीर केलं की पुढच्या १९.१० या आवृत्तीपासून ३२ बिटची पॅकेजेस बंद. वाइनला जुन्या ३२ बिट प्रोग्रामसाठी तीच लागायची, स्टीमलाही लागायची. व्हॉल्व्हने सांगितलं मग आम्ही उबंटूला रामराम करतो, आणि आठवड्याभरात उबंटूने निर्णय फिरवला, निवडक पॅकेजेस ठेवली. गेमची कंपनी ओरडली म्हणून ते थांबलं. आमच्यासारख्या दुकानदारांनी ओरडून काय झालं असतं?

मराठीचा त्रास आणखी वेगळा. युनिकोड टायपिंगची लिनक्सवर काही अडचण नाही, इनस्क्रिप्ट आहे, फोनेटिक आहे, लोहित आणि नोटो फॉन्ट आहेत. पण सरकारी अर्ज, ठराव, पत्रं बहुतेक मंगल फॉन्टमध्ये असतात आणि मंगल मायक्रोसॉफ्टचा, तो लिनक्सबरोबर येत नाही. इंग्रजीत टाइम्स न्यू रोमनऐवजी लिबरेशन सेरिफ, कॅलिब्रीऐवजी कार्लितो असे मापात तंतोतंत बसणारे फॉन्ट आहेत, फाइल हलत नाही. मंगलची फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडली की दुसरा फॉन्ट येतो, ओळींची उंची बदलते, आणि एका पानात बसणारा ग्रामसभेचा ठराव दुसऱ्या पानावर जातो, त्या दुसऱ्या पानावर फक्त "सरपंच" आणि सहीची जागा. ग्रामसेवक भाऊसाहेब ते बघून म्हणतात, तुमचं लिनक्स खराब आहे. फाइल पीडीएफ करून पाठवली असती तर हा प्रश्नच आला नसता, पण पाठवणारे वर्डच पाठवतात.

आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या फाइली तर विचारूच नका. त्यात मराठी मुळात साठवलेलंच नसतं, आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. फॉन्ट नसला की पडद्यावर नुसता कचरा, मग लिनक्स असो की विंडोज. माझ्याकडंच अशा एका जुन्या मराठी सॉफ्टवेअरचं यूएसबी लॉक आहे (ते लावलं तरच सॉफ्टवेअर चालतं), ते वाइनला दिसत नाही, म्हणून लग्नपत्रिकांसाठी एक विंडोजचं मशीन इंटरनेट काढून कोपऱ्यात ठेवलंय. डिजिटल सहीच्या टोकनचं तेच. टोकनवाल्याला फोन केला तर लिनक्सचा ड्रायव्हर मिळतो, बहुतेकदा पाच वर्षांपूर्वीचा, पण ज्या पोर्टलवर सही करायची त्याचं सहीचं युटिलिटी बऱ्याचदा फक्त एक्सईमध्ये. प्रिंटरचं सांगायचं तर नवे वायफायवाले बहुतेक ड्रायव्हरशिवाय चालतात, पण झेरॉक्सच्या दर दुसऱ्या दुकानात दिसणारा एका नामांकित कंपनीचा तो छोटा लेझर प्रिंटर प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर रुसून बसतो, कारण ड्रायव्हर कंपनीने बंद ठेवलाय आणि त्याच्याकडं लक्ष देणं पण बंद केलंय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की लेख लिहिताना क्रम उलटा करा. आधी कामाची यादी, मग लिनक्स. लाइव्ह यूएसबीवर, म्हणजे थेट पेनड्राइव्हवरून, मिंट चालवून बघता येतं, हार्ड डिस्कला हात न लावता, तेव्हाच वायफाय, आवाज, स्वतःचा प्रिंटर आणि स्वतःच्या दोन-चार खऱ्या फाइली तपासून घ्यायच्या. ब्राउझर, यूट्यूब, पत्रं, पोरांचा अभ्यास एवढंच काम असेल तर आजच टाका. टॅली, टोकन, कोरलड्रॉ असेल तर एक विंडोज मशीन राहू द्या, लाजायचं काही कारण नाही. दोन्ही एकाच मशीनवर ठेवणार असाल तर ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने अनेकांचं लिनक्स सुरूच होईना, एवढं लक्षात ठेवा आणि बूटेबल पेनड्राइव्ह जवळ बाळगा.

सरकारी पातळीवर तर याच्यावर बोलणं भागच आहे. केरळच्या शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवर आहेत कारण तिथं शाळेची सॉफ्टवेअरंच लिनक्ससाठी निवडली आणि बनवली. उलट जर्मनीत म्युनिक महापालिकेने २००३ ला निर्णय घेऊन जवळपास १५ हजार मशीन लिनक्सवर नेली आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडं जायचं ठरवलं, त्यात राजकारण होतंच, पण विंडोजवर अडकलेली सॉफ्टवेअरंही होती. त्याच देशातल्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने २०२४ मध्ये ३० हजार मशीनसाठी आधी लिब्रेऑफिसवर जायचं जाहीर केलं, विंडोज नंतर काढणार. क्रम बघा. आपल्याकडं केंद्राचं ओपन सोर्सचं धोरण २०१५ पासून कागदावर आहे. लोकांच्या पैशातून बनणारं कुठलंही युटिलिटी ब्राउझरमध्ये चाललं पाहिजे किंवा विंडोजबरोबर लिनक्ससाठीही दिलं पाहिजे, एवढी एक ओळ टेंडरमध्ये घालायला काय लागतं? आमच्या तालुक्यात निम्मे फोन कमी होतील.

आणि जाता जाता तुमच्यासाठी एक. तुमच्या पुरवणीत लिनक्स वापरा म्हणून अर्धं पान छापलंत, त्याच पानाच्या तळाला "मजकूर वर्ड फाइलमध्ये, अमुक फॉन्टमध्येच पाठवावा" अशी चौकट आहे, आणि तो अमुक फॉन्ट युनिकोड नाही. ती चौकट बदला. हे पत्र मी मिंटवर लिब्रेऑफिसमध्ये युनिकोडमध्ये टाइप केलंय, ओडीटी आणि पीडीएफ दोन्ही जोडलंय, यातलं काही उघडलं नाही तर तुमच्या सिस्टीमवाल्याला दुकानात फोन करायला सांगा.

आपला,
एक वाचक, बार्शी